सासरे, मी आणि महाकाय सॅलॅमँडर

महाकाय सॅलॅमँडर, म्हणजे पाण्यात राहणारा पालीसारखा अजस्र उभयचर, उचलायची पद्धत साधी आहे. एकाने डोक्याकडून धरायचं, दुसऱ्याने शेपटीकडून. आमच्या प्राणी-संवर्धन केंद्रातला नर सव्वा मीटर लांब होता आणि कोरोनाच्या त्या वर्षी सरकारचा नियम होता की दोन माणसांनी एकमेकांपासून दीड मीटर दूर राहायचं. सॅलॅमँडर पाव मीटरने आखूड पडत होता.

एका घरातल्या माणसांना या नियमातून सूट होती. माझ्याखेरीज घरात दोन माणसं होती. नवरा रॉटरडॅमशेजारच्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मीटिंगमध्ये असायचा, आणि बुळबुळीत गोष्टींना हात लावत नसे. उरले सासरे.

सासरे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. आमचं लग्न आंतरजातीय, म्हणून ते लग्नाला आले नव्हते. सासूबाई गेल्यानंतर मुलाच्या आग्रहाखातर महिनाभरासाठी पुण्याहून आले आणि विमानं बंद झाली. माझ्याशी ते थेट बोलत नसत. मी समोर बसलेली असताना मुलाला म्हणत, "तिला म्हणावं, आमटीत मीठ कमी आहे."

मी विचारलं, "बाबा, उद्या माझ्याबरोबर कामावर याल का?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाच्या कानात हेडफोन होते.

"काय काम आहे?"

"सॅलॅमँडर उचलायचाय."

"चावतो?"

"हो."

"येतो," ते म्हणाले.

रॉटरडॅमजवळच्या त्या लहानशा केंद्रात चिनी महाकाय सॅलॅमँडरची एक जोडी होती. माझे एकमेव डच सहकारी दम्यामुळे घरी बसून फोनवर सूचना देत. दोन्ही प्राण्यांच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवून नमुना घ्यायचा होता, जसा तेव्हा सगळ्या जगाच्या नाकातून घेतला जात होता. चीनच्या वेगवेगळ्या नद्यांत या प्राण्याच्या वेगवेगळ्या प्रजाती आहेत, पण दिसायला सारख्याच. खाण्यासाठी पाळणाऱ्यांनी त्या एकमेकींत मिसळून टाकल्या. त्यामुळे जोडी खरोखर एकाच प्रजातीची आहे का, हे तपासावं लागतं.

सासऱ्यांनी शेपूट धरली. नराने अंगातून पांढरा चिकट स्राव सोडला आणि त्यांचा स्वेटर कायमचा बाद केला. त्यांनी शेपूट सोडली नाही. काम झाल्यावर टाकीसमोर उभे राहिले.

"डोळे मिटत नाही हा?"

"पापण्याच नाहीत. पिल्लूपणातल्या बऱ्याच गोष्टी यांच्यात तशाच राहतात. पूर्ण मोठे होतच नाहीत, तसेच म्हातारे होतात. डायनॉसॉरच्या काळापासून यांच्या घराण्यात हेच चालू आहे."

"आमच्या सोसायटीत आहेत असे दोन-तीन," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता तयार होऊन बसले. आठवडाभराने म्हणाले, "हे पाणी साचलेलं आहे. नदीतलं जनावर ना हे?" हा प्राणी कातडीतून श्वास घेतो, तेव्हा वाहतं पाणी त्याला मानवणारच. मी सहकाऱ्यांना फोन लावला. सहकारी म्हणाले, करू दे त्यांना. सासऱ्यांनी पाइपचं तोंड फिरवून टाकीत नराला करून दिलेल्या बिळातून संथ प्रवाह जाईल अशी सोय केली.

नमुन्यांचा निकाल येत नव्हता, कारण प्रयोगशाळेतली यंत्रं विषाणूच्या कामाला लागली होती. कुणाला घाई नव्हती. ही जोडी वर्षानुवर्षं एका टाकीत राहत होती आणि दोघांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरात पाणी गार झालं आणि मादीने अंडी घातली. जपमाळेसारखी लांबच लांब माळ. नराने तिला बिळाबाहेर हाकललं आणि स्वतः अंड्यांजवळ बसला. शेपटीने पाणी हलवायचा, खराब झालेली अंडी खाऊन टाकायचा.

"आणि आई?"

"तिचं काम संपलं. आता सगळं यानेच बघायचं."

सासरे बराच वेळ बघत राहिले. "मी आमच्या पोराला एकदाही आंघोळ घातली नाही," ते म्हणाले.

मग निकाल आला. नर एका प्रजातीचा, मादी दुसऱ्या. सहकाऱ्यांनी फोनवर सांगितलं की अंडी काढावी लागतील. थोडी अभ्यासासाठी ठेवायची, बाकीची गोठवायची.

"का म्हणून?" सासऱ्यांनी विचारलं. "वाढताहेत ना चांगली?"

"संकर आहे, बाबा. अशी पिल्लं वाढवली तर मूळ प्रजाती कुठली ते कळेनासं होईल. मुळात उरलेतच किती."

"एका टाकीत तुम्हीच ठेवलंत. आता झालं ते झालं. त्या पिल्लांचा काय दोष?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना माझ्या बघण्याचा अर्थ कळला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले.

"जात वेगळी आणि प्रजाती वेगळी, बाबा."

"ते मला कळतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उशिरा कळलं."

नराला हलवायला पुन्हा दोघं लागलो. या वेळी सासऱ्यांनी स्वतःहून डोकं धरलं आणि नराने त्यांचा अंगठा हातमोज्यासकट चावला. रक्त आलं. "बरोबर आहे त्याचं," म्हणून त्यांनी रुमाल गुंडाळला. मी अंडी काढली. काढताना मला रडू आलं; त्यांनी पाठ फिरवून पाइप तपासला.

परत सोडल्यावर नर थेट बिळात गेला आणि रिकाम्या पाण्यात शेपटी हलवू लागला. पुढचे काही दिवस तो बाहेर आला नाही. सासरे बादली उपडी घालून समोर बसायचे. मी म्हणायचे, "चला बाबा, आपल्याला काही करता येणार नाही." ते म्हणायचे, "तू कर तुझं काम."

एका दुपारी नर बाहेर आला. मी मासा सोडला. त्याने तोंड उघडलं, आणि मासा पाण्यासकट दिसेनासा झाला.

सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल," मला म्हणाले, "मलाही भूक लागलीय."