आंब्याची चाकं

हैबती उतेकर पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो वर्गाच्या खिडकीत. नाते गावच्या शाळेत मी सातवीला कप्पीचा धडा शिकवत होतो. १९५५ सालचा फाल्गुन होता. फळ्यावर दोन चाकं आणि एक दोरी काढून मी मुलांकडे वळलो, तर खिडकीच्या गजांना धरून एक पस्तिशीचा माणूस उभा. खाकी सदरा, हाताला काळं वंगण. तो मुलांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होता.

धडा संपल्यावर त्याने बाहेरूनच विचारलं, "गुरुजी, दोन चाकं लावली की वजन निम्मं होतं, ह्ये खरं हाय?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"मंग चार लावली तर?"

"आणखी कमी."

त्याने मान डोलावली आणि निघून गेला. मुलं हसली. एक जण म्हणाला, "गुरुजी, तो जीपवाला हैबती. त्याला टप काढायचाय."

ही जीप लढाईच्या वेळची होती. हैबती अठराव्या वर्षी फौजेत ड्रायव्हर म्हणून गेला आणि ब्रह्मदेशात जाऊन आला. परतल्यावर तो एका लाकडाच्या ठेकेदाराकडे लागला. ठेकेदाराने पुढे धंदा गुंडाळला आणि ही जुनी जीप हैबतीकडेच राहिली. नाते ते महाड तो उतारू, टपाल, कधी कोळशाची पोती न्यायचा. आमच्याकडच्या पावसात उघड्या गाडीत कोण बसणार? म्हणून ठेकेदाराने आपल्या काळातच महाडच्या लोहाराकडून लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून एक टप करून घेतला होता. दहा बोल्ट काढले की तो सुटायचा, पण उचलायला चार गडी लागत.

आणि गडी गावात नव्हते. आमच्या भागातले कर्ते पुरुष मुंबईला. शिमग्याला येत, लग्नसराईत थोडे थांबत आणि ज्येष्ठ लागला की परत जात. पुन्हा दिसायचे ते गणपतीला. मधल्या महिन्यांत गावात म्हातारे, बायका आणि माझ्या वर्गातली मुलं.

हैबतीची बायको राहीबाई आदल्या दिवाळीत गवत कापताना बांधावरून पडली होती. खुब्याचं हाड दुखावलं, आत पू धरला. महाडच्या डॉक्टरांनी दोनदा तो काढला आणि बजावून सांगितलं, "पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी आणा. आणि निजवून आणा, बसवून नको." हैबतीने ते वाक्य देवाच्या वचनासारखं धरलं. ब्रह्मदेशात जखमींना जीपवर आडवं घालून नेलेलं त्याने पाहिलं होतं. काच पुढे पाडायची, बाज लांबीत बांधायची, वर ताडपत्री. पण त्यासाठी टप नको. ताप पावसाळ्यात आला तर चार गडी कुठून आणायचे, हा त्याचा घोर होता.

म्हणून त्याने गाडीच्या खोपीत यंत्र उभारायला घेतलं. ऐनाच्या दोन तुळया आडव्या टाकल्या. टपाच्या चार कोपऱ्यांना चार दोर बांधले, ते तुळयांवरच्या चाकांवरून नेऊन भिंतीशी असलेल्या विहिरीच्या जुन्या रहाटाला गुंडाळले. एकट्याने दांडा फिरवायचा, टप सरळ वर जाणार, खालून जीप बाहेर काढायची. मी वहीच्या पानावर त्याला आकृती काढून दिली होती. ते पान त्याने खोपीच्या मधल्या खांबाला, मेढीला, खिळ्याने ठोकलं होतं.

चाकं लोखंडी हवी होती. महाडच्या बाजारात त्या मापाची मिळेनात. त्याचा धाकटा भाऊ सदू मुंबईला गोदीत होता. शिमग्याला आला तेव्हा म्हणाला, "दादा, आमच्या गोदीत ढीग पडलाय. गणपतीला येताना घेऊन येतो."

"गणपतीपर्यंत काय करू रे?"

"तवर लाकडाची लाव की."

हैबतीने आंब्याचं लाकूड घेतलं, कारण ते पटकन कोरलं जातं. दोन आठवडे तो चाकं घासत होता. आस इतके नेमके बसवले की मधे कागदही जाऊ नये. त्याला त्या नेमकेपणाचा अभिमान होता आणि मीही कौतुक केलं.

वैशाखात चाचणी झाली तेव्हा लग्नांना आलेली माणसं खोपीपुढे जमली. राहीबाईची बाज अंगणात आणली होती. हैबतीने दांडा फिरवला आणि टप चारी कोपऱ्यांनी सारखा वर गेला.

त्याची चुलती प्रयागबाई म्हणाली, "अरे हैबती, माझा म्हातारा असाच टांगून ठेव रे. दिसभर पायात येतो."

"काकी, दोर तुटंल. काका जड हाय."

सगळे हसले. राहीबाई तेवढी चाकांकडे बघत होती. "अवं, आंबा पाणी पितो," ती म्हणाली. "श्रावणात आपलं दार लागत नाय, नि तुमची चाकं फिरतील व्हय?"

"दाराला कुणी ग्रीस लावतो का गो?" हैबती म्हणाला, आणि माणसं पुन्हा हसली. मीसुद्धा हसलो.

ज्येष्ठात त्याने एकदा यंत्र चालवून पाहिलं. थोडं करकरलं, पण चाललं. मग आषाढात भाताची लावणी आली, गाडीच्या खेपा होत्या, राहीबाईलाही बरं वाटत होतं. काठी धरून ती चुलीपर्यंत जाऊ लागली होती. दीड महिना कुणी दांड्याला हात लावला नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सातच्या सुमारास प्रयागबाई शाळेत आली. "गुरुजी, राहीला ताप भरलाय. हैबती बोलवतोय."

मी गेलो तेव्हा हैबती बोल्ट काढून दांड्याशी उभा होता. राहीबाई ओटीवर बाजेवर होती. चेहरा लाल, पण शुद्ध चांगली.

"टप ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बसते मी. कळ काढीन."

"डाक्टर काय बोलला, ऐकलंस ना?"

"डाक्टर बोलला तवा ऊन हुतं."

हैबतीने दांडा फिरवला. पुढचे दोन दोर वर आले, मागचे आले नाहीत. मागची चाकं भिंतीच्या ओल्या बाजूला होती. ती फुगून आसावर आवळली होती, दोर फुगून खाचेत रुतले होते. टप पुढून उचलला गेला आणि मागचा कोपरा जीपच्या पत्र्यात तिरका घुसला. त्याने दांडा उलटा फिरवला. आता पुढची चाकंही अडली. टप वर जाईना, खाली येईना. पुढची कड तुळईखाली टेकली होती, त्यामुळे जीप खोपीबाहेरही निघेना.

मी, प्रयागबाई आणि चार बायका मुसळं घालून उचलायला लागलो. कोपरा आणखी रुतला. हैबतीने ग्रीस चोपडलं, रॉकेल ओतलं, हातोड्याने आस ठोकले. नऊ वाजले, दहा वाजले. ओटीवरून राहीबाईने एकदाच विचारलं, "निघालं का?" प्रयागबाई म्हणाली, "निघतंय, गो."

दोर कापले असते तर टप पुन्हा जीपवरच बसला असता, म्हणून शेवटी तो तुळईवर चढला आणि स्वतः कोरलेली चाकं पटाशीने फोडायला लागला. चौथं चाक फुटलं तेव्हा एक वाजून गेला होता. दोर सैल होताच आम्ही टप बाजूला ढकलला आणि तो जमिनीवर आदळला. आम्ही बाज जीपवर बांधली, ताडपत्री टाकली, तिच्या तोंडावर प्रयागबाईने आपलं इरलं धरलं. मी मागे पाय लोंबकळत सोडून बसलो.

दोन मैलांवर ओढा ओलांडायची फरशी होती. तिच्यावरून कमरेइतकं पाणी जात होतं. पलीकडे बैलगाडी थांबवून उभा असलेला एक माणूस ओरडून म्हणाला, "अकराला चढलं. सकाळी धा वाजेपत्तुर माणसं जात हुती."

हैबतीने इंजिन बंद केलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून तो बसून राहिला. पाणी उतरलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

महाडच्या डॉक्टरांनी पू काढला, पण विष अंगभर गेलं होतं. व्हरांड्यात ते मला म्हणाले, "काल का नाही आणलंत?" मी टपाची हकिगत सांगितली. ते सौम्यपणे म्हणाले, "बसवून आणलं असतं तरी चाललं असतं हो. दुखलं असतं, इतकंच. वेळ महत्त्वाची होती." ते चांगले गृहस्थ होते. हैबती माझ्या मागे उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

राहीबाई गुरुवारी गेली.

त्या वर्षी उतेकरांच्या घरात गणपती बसला नाही. सदू आला तो रित्या घरी आला. त्याने ओटीवर एक गोणपाटाची पिशवी ठेवली. आत चार लोखंडी चाकं होती, तेल लावून कागदात गुंडाळलेली. हैबतीने एकेक बाहेर काढलं, आसाच्या भोकात बोट घालून फिरवून पाहिलं, आणि पुन्हा कागदात बांधून ठेवलं.

"चांगली हायेत," तो म्हणाला.

सदू ओटीच्या कडेला बसून रडला. हैबतीने त्याला पाणी आणून दिलं.

मी बऱ्याचदा त्याच्याकडे जाऊन बसत असे. मला त्याला सांगायचं होतं की ती आकृती माझी होती, आणि फळ्यावर शिकवताना पावसाचा विचार माझ्याही मनात आला नव्हता. एकदा तसं बोललोही. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी बरोबरच शिकवलंत. तिनं सांगितलं हुतं, मी ऐकलं नाय." यापलीकडे त्या विषयावर तो कधी बोलला नाही. मेढीवरचं पान मात्र पुढच्या खेपेला तिथे नव्हतं. नुसता खिळा होता.

टप त्याने पुन्हा चढवला नाही. पुढचे दोन पावसाळे तो उघडीच गाडी चालवत होता. उतारू कमी होत गेले, मग थांबले. जीप भंगारात गेली. टपाखाली प्रयागबाईने शेळ्या बांधल्या.

मी निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. हैबती पोलादपूरला असतो. आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी उपसून रस्ता मोकळा ठेवणारी जी टोळी आहे, तिच्यात तो मुकादम आहे. बाजारामागे एक खोली घेऊन राहतो आणि आपली भाकरी आपण भाजतो.