मुलुंडला दिलेला वन्स मोअर

बोरीवली आणि मुलुंडच्या मध्ये राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून वळसा घालावाच लागतो. घोडबंदर रस्त्याने ठाण्याची बस, पुढे रिक्षा. रस्त्याची कामं धरून दोन तास हाताशी ठेवा, खिडकी डावीकडची पकडा. रविवारी दुपारी एकला निघाले, तेव्हापासून पर्समधलं तिकीट मी तीनदा तपासलं.

कारण फिलू. फिलोमिना माझी शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या सोसायटीमागच्या गावठाणातली. वीस वर्षं ती चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मागच्या रांगेत गायली. आता वसईच्या एका हौशी मंडळाने जुना फ्रेंच ऑपेरा बसवला होता आणि त्यात तिला पहिल्यांदाच एकटीचं गाणं मिळालं होतं.

"शेवटचा वरचा सूर एकदा लागतो गं, दुसऱ्यांदा भरवसा नाही," ती आदल्या दिवशी म्हणाली. "तू समोर बस आणि कसं झालं ते खरं सांग. गोड बोलू नकोस."

नाट्यगृह नेहमीचंच, मराठी नाटकांचं. गाणं फ्रेंचमध्ये, अर्थ वर पडद्यावर मराठीत. मध्यंतरात बटाटावडा खाऊन घ्या, लवकर संपतो. रांगेत एक काका बायकोला सांगत होते, "ती नायिका मरायला टेकलीय तरी गातेय. तू एक जिना चढलीस तरी धापा टाकतेस."

"तिला घरी स्वैपाक नसेल," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या अंकात फिलू आली. निळा झगा, हात घट्ट धरलेले. मी श्वास रोखून त्या एका सुराची वाट पाहत राहिले. तो लागला. लख्ख लागला. आणि माझ्या तोंडून निघालं, "वन्स मोअर!"

लहानपणी बाबांबरोबर संगीत नाटकं पाहिली, तिथे याहून मोठी दाद नसते. मागच्या रांगांनी ते उचललं. वादकांसमोरचे सर गोंधळून वळले, हसले, त्यांनी पुन्हा काठी उचलली. फिलूने मान किंचित हलवली. ती नको म्हणत होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या वेळी तो सूर फाटला.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. घोडबंदरला गाड्या खोळंबल्या होत्या. ती अजून निळ्या झग्यातच होती. मला राहवेना.

"फिलू, तो वन्स मोअर..."

"माहितेय, तुझाच आवाज. वर्गात हजेरीला असंच ओरडायचीस." ती बाहेर पाहत म्हणाली. "आता खरं सांग. पहिल्यांदा कसं झालं?"

पहिल्यांदा तो सूर चुकेल या धास्तीत मी गाणं ऐकलंच नव्हतं. म्हणून तर पुन्हा मागितलं. हे तिला फाउंटन हॉटेलच्या वळणावर सांगितलं.

"वाट लावलीस ना माझी," ती म्हणाली. मग बसमधून उतरताना, "घरी चल. गाऊन दाखवते. पण तोंड बंद ठेव."

तिच्या स्वैपाकघरात, त्याच निळ्या झग्यात, तिने गाणं पहिल्यापासून म्हटलं. तो सूर थोडा खालीच लागला. तेही तिला सांगितलं. तिने चहा टाकला, दोन कप.