अडीच ते चार फूट

रंगाऱ्याला सगळे पोपट म्हणत. छातीच्या रोगांच्या इस्पितळात त्याने एकतीस वर्षं भिंतींना एकच रंग लावला, हिरवा, आणि तो त्याच्या भुवयांतून आणि कानामागून कधी पुरता गेलाच नाही. टोपणनाव ठेवणाऱ्यांना फारसं डोकं चालवावं लागलं नाही. इमारतीच्या एका टोकाला सुरुवात करायची, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पोपडे धरलेले असायचे. पोपट कधी कुरकुरला नाही. सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करणारा माणूस होता तो. अशा माणसांचं पुढे काय होतं, तेच इथे सांगायचं आहे.

त्याची बायको त्याच इस्पितळात आया होती. त्यांना एकच मुलगी, तीही उशिरा झालेली. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून पोर दिवसभर तळमजल्यावरच्या कपडेखोलीत असायची. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर खेळायची आणि तिथेच पेंगायची. अंगाने लहानखुरी, म्हणून बाप तिला बुटकी म्हणायचा. खिडकीची कड तिच्या डोक्याच्या वर राहायची, बाहेर बघायचं तर कुणीतरी कडेवर घ्यावं लागायचं. बुटकी म्हटलं की ती तणतणायची. मग बाप तिला खिडकीशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी करायचा, डोक्यावर पट्टी ठेवायचा आणि पेन्सिलीने रेघ ओढायचा.

"हे बघ, वाढलीस. आता गप्प."

दोन वर्षांची असल्यापासून सहाव्या वर्षापर्यंत अशा पाच रेघा झाल्या. सहाव्या वर्षी तिला तिथलाच रोग लागला आणि ती वरच्या मजल्यावर भरती झाली. खाली आली ती चादरीत गुंडाळून.

पुढच्या रंगकामात कपडेखोली आलीच. एकही भिंत सुटता कामा नये, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम होता. पोपटाने रेघांवर आधी चपड्याचा हात मारला. चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, लाकडाला चकाकी यावी म्हणून लावतात ती. तिच्यावर चढवलेला रंग भिंतीला धरत नाही. कधी मनात आलं तर सालीसारखा सोलून काढता येतो, आणि खालचं जसंच्या तसं सापडतं. आयुष्यात तेवढं एकच काम त्याने न बघता केलं. मान खिडकीकडे फिरवून ब्रश चालवला, वर हिरव्याचे दोन हात दिले आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

घरात मुलीचा एकही फोटो नव्हता. काढू काढू म्हणत राहून गेला होता. ती होती याची जगात तेवढीच खूण, आणि तीही रंगाखाली. निदान ती आहे, यावर नवरा-बायकोने पुढची वीस वर्षं काढली.

मग इस्पितळ बंद पडलं. आठ वर्षं तिथे कबुतरं राहिली. त्यानंतर ती इमारत एका आर्किटेक्ट बाईंच्या स्टुडिओकडे आली. हा स्टुडिओ जुन्या इमारती पाडत नसे, त्यांना नव्या कामाला लावत असे. जुन्या तुरुंगाचं नाट्यगृह केलं, बर्फाच्या कारखान्याचं ग्रंथालय केलं, आणि दर वेळी बक्षिसं घेतली. आता इस्पितळाचं हॉटेल व्हायचं होतं. जिथे माणसं खोकून खोकून मेली, तिथे आता माणसं हवापालटाला येणार होती.

बाईंची एक खास खूण होती. प्रत्येक इमारतीत त्या जुन्या भिंतीचा एक चौकोन तसाच ठेवून त्यावर काच बसवत. त्याला त्या 'साक्ष' म्हणत. मासिकांत छापून यायचं ते नेहमी याच चौकोनाचं चित्र.

भिंतींवरचा सगळा रंग उतरवून मूळचा पांढरा चुना मोकळा करायचा होता, आणि त्यासाठी या भिंतींचा स्वभाव ठाऊक असलेला माणूस हवा होता. त्यांनी पोपटाला शोधून काढलं. अडुसष्टाव्या वर्षी तो खरवडणी घेऊन हजर झाला. स्वतःच्या हाताने लावलेले थर स्वतःच्या हाताने उतरवू लागला.

"लावायला एकतीस वर्षं गेली," तो सुताराला म्हणायचा, "काढायला सात महिने. आता बोल, मी आयुष्यभर काय केलं?"

सुतार हसायचा. पोपटही हसायचा.

कामाचं मोजमाप घ्यायला स्टुडिओतली एक मुलगी रोज यायची. जाड भिंगांमुळे तिला सगळे चष्मेवाली म्हणत. एका दुपारी पोपटाने तिला रेघांचं सांगितलं. ती रडली, अगदी खरं रडली, आणि तिने बाईंना सांगितलं. बाई स्वतः आल्या, रंगाचा डबा उपडा करून त्यावर बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका, या इमारतीची साक्ष हीच," त्या म्हणाल्या. "नेमकी कुठे आहे?"

"खिडकीच्या डाव्या अंगाला. जमिनीपासून अडीच ते चार फूट धरा."

चष्मेवालीने लिहून घेतलं. पोपटाने विचारलं, "आत्ता उघडून दाखवू का? पाच मिनिटांचं काम आहे."

"छे छे! बक्षिसाचे परीक्षक येतील तेव्हा. त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः सोलायचं."

सांगितलेलं ऐकायची सवय जुनी होती. पोपट थांबला. पण घरी बायको थांबेना. ती रोज दारातच विचारायची, "उघडलं का?" तिचे गुडघे गेले होते, धड चालवत नव्हतं, तरी तिला यायचंच होतं. "एकदा हात लावते तिला," ती म्हणायची, "मग मी मोकळी."

आता फरशीचं ऐका. जुन्या भिंती फोडायच्या नाहीत, म्हणून सगळे पाइप आणि वायरी जमिनीवरून नेल्या आणि त्यांच्यावर नवी फरशी घातली. सगळा तळमजला दीड फूट वर आला. स्टुडिओच्या नकाशांत प्रत्येक उंची तयार फरशीपासून मोजतात. हे तिथे कुणी कुणाला सांगत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असतं. पोपट 'जमिनीपासून' म्हणाला, चष्मेवालीने तयार फरशीपासून चौकोन आखला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती. सुताराने नकाशा बघून त्या चौकोनावर प्लायवूडची पेटी ठोकली, आतला रंग जपावा म्हणून.

वरच्या मजल्यांचं काम आटोपून पोपट कपडेखोलीत आला, तेव्हा फरशी होऊन गेली होती. तो पेटीपुढे उभा राहिला आणि त्याने हात कमरेशी धरला. बुटकी त्याच्या कमरेच्या वर कधी गेलीच नव्हती. पेटी बरोबर तेवढ्याच उंचीवर होती.

"अगदी इथेच," तो म्हणाला.

मग त्याने उरलेली भिंत घेतली. पेटीच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, उकिडवा बसून त्याने खरवडणी लावली, तर रंग हातभर लांब सालीत सुटून आला. दुसरीकडे नखाएवढा तुकडा निघायला घाम फुटत होता.

"भिंतीलाही कंटाळा आलाय बघ माझा," तो सुताराला म्हणाला. दोघं खदखदून हसले. साली पोत्यात गेल्या, पोती ट्रकमध्ये गेली. पेटीच्या सावलीत, हिरव्या भुकटीने माखलेला खालचा उरलासुरला थर त्याने गरम हवेच्या बंदुकीने मऊ केला आणि चुन्यापर्यंत स्वच्छ उतरवला. वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. त्याला कळलं नाही. काम लवकर आटोपलं म्हणून तो त्या दिवशी खुशीत घरी गेला.

परीक्षक तिघं आले. पोपटाला नवा शर्ट दिला होता. त्याने पेटीचे स्क्रू काढले, फडकं स्पिरिटमध्ये भिजवून भिंतीवर दाबलं आणि खरवडणीचं टोक घातलं. साल सुटेना. त्याने जोर केला. हिरव्याखाली हिरवा निघाला, त्याखाली आणखी हिरवा, त्याखाली चुना. तो दुसरीकडे खरवडू लागला. तिथेही चुनाच.

त्याने घाम पुसायला मान वळवली आणि त्याची नजर खिडकीवर गेली. खिडकीची कड त्याच्या मांडीशी होती. पूर्वी ती त्याच्या छातीला लागायची. पेटी सबंध त्या कडेच्या वर होती, आणि बुटकीचं डोकं त्या कडेच्या वर कधीच आलं नव्हतं. फरशी वर आली होती, पोरगी खालीच राहिली होती. त्याने पेटीखालची पांढरी, गुळगुळीत भिंत बघितली, आणि आपण सुताराला काय म्हणालो होतो ते त्याला आठवलं. त्याच्या हातातून खरवडणी पडली.

परीक्षकांना वाटलं, म्हातारा दुःखाने कोसळला. बाई मुरलेल्या होत्या. "काळाने तेवढंही ठेवलं नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. एका परीक्षकाने चष्मा काढून डोळे टिपले. दोन महिन्यांनी बक्षीस जाहीर झालं.

पण पितळी पाटी आधीच ओतून तयार होती. 'एका बापाने मोजलेली मुलगी' असं तिच्यावर होतं, आणि उद्घाटनाला रिकामा चौकोन दाखवून चालणार नव्हतं. बाईंनी पोपटाला बोलावलं आणि त्याच्यापुढे पेन्सिल ठेवली.

"मॅडम, ती खाली होती," तो म्हणाला. "मीच खरवडली तिला."

बाईंनी पेन्सिल त्याच्याकडे आणखी सरकवली. चष्मेवाली स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

"हे बाहेर बोलू नका, काका. तुमच्याच भल्यासाठी सांगते, लोक तुम्हालाच हसतील. आणि हात तुमचाच, मुलगी तुमचीच. मग यात खोटं काय आहे?"

त्याला बाईंची भीती वाटली नाही. भीती बायकोची वाटली. तिला काय सांगणार होता तो? चौकोनाला पुन्हा हिरवा हात देऊन त्याने तो वाळू दिला आणि पट्टी धरून पाच रेघा ओढल्या. त्या फार सुबक आल्या.

उद्घाटनाला बायको आली, काठी टेकत, नवऱ्याच्या दंडाला धरून. काच अजून बसवली नव्हती. आधी काकूंना हात लावू दे, फोटो चांगला येईल, असं बाईंचं म्हणणं होतं. फोटोवाला सरसावला. म्हातारीने तळवा भिंतीवर ठेवला आणि बोटांनी एकेक रेघ चाचपली. मग पुन्हा चाचपली.

"लाल कुठाय?"

"कसली लाल?" पोपट म्हणाला.

"माझी रेघ. शेवटच्या आठवड्यात ती हट्टच धरून बसली, मी वाढले का बघ म्हणून. तुम्ही इमारतीच्या दुसऱ्या टोकाला कामावर होतात. मी उचलून खाली आणली. तिला उभं राहवत नव्हतं. एका हाताने काखेत धरली आणि तापाच्या तक्त्याची लाल पेन्सिल होती खिशात, तिने रेघ ओढली. ती तुमच्या रेघेच्या खाली आली. मी तिला सांगितलं, वाढलीस हो. तेवढं एक खोटं बोलले मी तिच्याशी." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही रंग लावलात ना यावर? मग दिसली नाही तुम्हाला?"

पोपटाने मान फिरवून ब्रश मारला होता.

बाईंचा चेहरा मात्र उजळला. "लाल रेघ! काकू, तुम्ही काढाल ती पुन्हा? अगं, लाल पेन्सिल आण कुणीतरी."

चष्मेवालीने आणली. म्हातारीने ती घेतली, पण चौकोनाकडे गेली नाही. ती खिडकीकडे बघत होती. मग तिने काठीने फरशी ठोकली. खालून पोकळ आवाज आला.

"तिला या खिडकीतून कधी बाहेर दिसलं नाही," ती म्हणाली. "या रेघांच्या पोरीला सगळं दिसलं असतं. ही कुणाची पोर आहे?"

म्हातारी नवऱ्याचा दंड सोडून भिंतीला धरत खाली बसली. तिचे गुडघे कडकड वाजले. पेटीच्या जागेखाली, त्या बक्षीस मिळालेल्या पांढऱ्याशुभ्र चुन्यावर तिने एक लाल रेघ ओढली. रेघ वाकडी आली. त्या रेघेला तिने तळवा लावला आणि तशीच बसून राहिली. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला, बाईंनी मानेनेच नाही म्हटलं.

घरी जाताना तिने नवऱ्याचा दंड पुन्हा धरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवालीचा फोन आला. "काका, उद्या बक्षिसाच्या पुस्तकासाठी फोटो काढायला येणार आहेत. ती खालची लाल रेघ... चुन्याचं काम आहे, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. मॅडमनी तुमचंच नाव घेतलं."

पोपटाने चपला घातल्या. बायकोने विचारलं, "कुठे?"

"कामावर."

कुठलं काम ते तिला कळलं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

त्याने नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा माणूस आणला असता, आणि त्या माणसाने तिला खसाखसा घासली असती. असं मनाशी म्हणत तो गेला. तो कपडेखोलीत उकिडवा बसला आणि बारीक पॉलिश पेपरची घडी करून हलक्या हाताने घासू लागला. लाल रंग चुन्यात खोल शिरला होता. बराच वेळ लागला. या वेळी त्याला मान फिरवता येणार नव्हती, न बघता हे काम झालं नसतं. शेवटी भिंत एकसारखी पांढरी झाली, आणि फरशीवर पडलेली गुलाबी भुकटी त्याने ओल्या फडक्याने टिपून घेतली.

चष्मेवाली आली, वाकून बघितलं, बोट फिरवलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"वा काका," ती म्हणाली, "इथे काही होतं असं वाटतसुद्धा नाही."