जिवंत माणसाचा जबाब

ती घटना आठवली की आजही जीव थाऱ्यावर राहत नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मानोरा तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आत्महत्या का होतात याचा अभ्यास करून त्या रोखण्यासाठी जिल्ह्यात समिती नेमली गेली. ठाण्यांना आदेश आला, आकस्मिक मृत्यूची जुनी प्रकरणं काढा, घरच्यांना पुन्हा भेटा, नवा नमुना भरा. मी नोंदवही चाळली. कारणाच्या रकान्यात पानोपानी एकच वाक्य होतं, 'पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून.' खाली बहुतेक ठिकाणी माझीच सही. घरचे सांगतील ते लिहायचं, पंचनामा जोडायचा, प्रकरण बंद. आम्हाला तेवढं पुरत होतं.

इंझोरीच्या पुढे एका गावात असंच एक घर होतं. वर्षापूर्वी तिथला थोरला मुलगा गेला होता. जीप पाहून म्हातारी आई घाबरली. नवी केस झाली का, हेच विचारत राहिली. कारण विचारलं तर पुन्हा पोटदुखीच. धाकटा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी नमुना भरला आणि निघालो.

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी वेशीवर जीप थांबवली. बाई शांत होत्या, पण जीपचं दार धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, मेलेल्याचा फारम भरून राह्यले तुमी. जो हाये त्याच्याकडे कोण पाहीन? धाकट्यानं भजनाची पेटी शाळेले देऊन टाकली. काल मले म्हणे, मायकडं लक्ष ठेवजा."

तीस वर्षांत कितीतरी खबरी ऐकल्या, पण अशी नाही. आम्ही तसेच मागे फिरलो. भिंतीपाशी तो नव्हता. शेतात गेला, आई म्हणाली. सोबतच्या शिपायाला आईजवळ ठेवून मी आणि आशाताई तुरीतून जवळजवळ धावतच गेलो. तेवढ्या अंतरात मनात काय काय येऊन गेलं, ते लिहिता येत नाही.

तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या पळसाखाली बसला होता. मी टोपी काढून शेजारी बसलो. समितीच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी बजावलं होतं की आडवळण घेऊ नका, सरळ विचारा. चोर-दरोडेखोरांना उलटे-सुलटे प्रश्न विचारणारा मी, हा एक सरळ प्रश्न मलाच विचारवेना. नसलेलं त्याच्या डोक्यात आपणच भरवलं तर?

"भाऊ," शेवटी म्हणालो, "जीव द्यायचा विचार येते का मनात?"

आशाताई त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या.

"रोज येते," तो म्हणाला. "दादाचं पोट कधीच दुखलं नाही, साहेब. त्या दिवशी आमचं भांडण झालतं. मीच म्हटलं, जाय, तोंड दाखवू नको."

मग तो रडला. मी वही काढली नाही. केस होईल का, असं त्यानेही विचारलं. नाही, इलाज होईल, मी सांगितलं. आईला सगळं सांगून फवारणीची औषधं त्याच दुपारी शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवली आणि त्याला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जीपमध्ये आईने त्याचं मनगट सोडलं नाही.

इलाज लांबला. मध्ये त्याने गोळ्या सोडल्या, आशाताईंनी पुन्हा सुरू करायला लावल्या. थोरल्याच्या नमुन्यात मी खरं कारण लिहिलं, तेही पूर्ण नव्हतं. एका भांडणाने माणूस जात नाही. त्याआधी कितीतरी महिने त्याला कोणी काही विचारलेलं नसतं. आयुष्यभर मी माणसं गेल्यावर प्रश्न विचारत आलो, हे त्या धुऱ्यावर कळलं आणि लाज वाटली.

आता मी निवृत्त आहे. दर शनिवारी त्याला फोन करतो. मागच्या शनिवारी त्याने तीनदा उचलला नाही. मी चपला घालून दारात उभा होतो, तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"शेतात सोयाबीनच्या सोंगणीत होतो, साहेब. जेवले का तुमी?"

मी तिथेच पायरीवर बसलो.