भिंतीपलीकडचे आबा

शेजारचे आबा मूळचे धुळ्याकडचे. कुणी काही विकत घेतंय म्हटलं, की हे न बोलावता चपला घालून तयार. जळगावात मी होम थिएटरचा स्वस्त रिसिव्हर बघत होतो, तर यांनी दुकानदारालाच गप्प करून तोच घ्यायला लावला. "भाऊ, हाऊच ल्या. स्वस्त शे, वायफायवर चालस!"

घरी येऊन जोडलाही त्यांनीच, स्वतःच्या मोबाइलवरून. तेव्हापासून मी बातम्यांसाठी रिसिव्हर चालू केला रे केला, की त्यांच्या मोबाइलवरची अहिराणी गाणी आमच्या घरात दणदणायला लागतात.

काल डोकंच फिरलं. तावातावाने भांडायला गेलो. आबा आमच्या सामाईक भिंतीला खुर्ची टेकवून, डोळे मिटून ऐकत बसले होते.

चाहूल लागताच म्हणाले, "भाऊ, आवाज थोडा वाढवा ना. भिंत जाड शे."