न टोचणारे डॉक्टर

डॉ. अन्वर गेल्याचा फोन त्यांच्या भाच्याने केला. "ताई, मामू गए... काल सकाळी. दूधवाल्यानं दार वाजवलं, उघडलं नाय, तेव्हा कळलं." लासूर स्टेशनला दोन खोल्यांत ते एकटेच राहत. पत्नी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मी इथं शहरात, शहागंजात त्यांच्या बहिणीकडे जाऊन बसले खरी, पण तिथं कुणालाच माझं आणि त्यांचं नातं नीट सांगता येईना. ते जनावरांचे डॉक्टर, मी संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत दूध तपासणारी. एवढंच. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्याशी रोज बोलणारी बहुधा मीच होते.

पूर्वी लासूरच्या पंचक्रोशीत त्यांच्या मोटारसायकलला उसंत नसे. गाईची कास सुजली, दगडासारखी झाली की लोक त्यांनाच बोलवत. ते इंजेक्शन देत, दोन दिवसांत सूज उतरे, आणि उरलेले डोस कुणी पुरे करत नसे. कारण औषध चालू असेपर्यंत दूध ओतून द्यावं लागतं. अर्धवट डोसांनी जंतू औषधाला सरावतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ते गप्प बसत.

मग लासूरच्याच कमलबाई नावाच्या शेतकरणीच्या गाईचं दूध तपासायला आलं. आम्ही बशीत जंतू वाढवतो आणि वर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतो. जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल उमटतो. डॉक्टर बसने आले, बशी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"एकही गोल नाय?"

"नाही, डॉक्टर."

"ह्या जंतूंना हे सगळं मीच शिकवलं, ताई..."

तसेच ते कमलबाईंच्या गोठ्यात गेले. आता कुठलंच औषध चालणार नाही, कासेचं हे सुजलेलं सड कायमचं आटवावं लागेल, त्यातून पुन्हा दूध येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. "मग डॉक्टर कशाला झालात?" असं त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं.

त्या दिवसापासून दूध तपासल्याशिवाय सुई लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं. तपासणीला तीन दिवस लागत. दारात तापाने फणफणलेली गाय उभी असताना तीन दिवस कोण थांबणार? अशा गाईला ते लगेच औषध देत, पण बाकीच्यांना थांबवत. लोकांना तो फरक पटेना. लोक दुसऱ्या डॉक्टरला बोलवू लागले. बोलावणी कमी होत होत थांबलीच. मग दुपारी त्यांचा फोन येई, "आज नमुना नाय आला का?" मी म्हणे, "नमुने तुम्हीच आणायचे ना, डॉक्टर." "व्हय... पण कुणी बोलवायला तर पाहिजे." शेवटी शेवटी मीही कधी कधी फोन उचलत नसे. काम असे, कंटाळाही असे.

परवा मी लासूरला गेले. कमलबाईंचा गोठा विचारत विचारत गाठला. त्या धार काढत होत्या. पहिली धार त्यांनी काळ्या फडक्यावर घेतली, गुठळ्या नाहीत ना ते वाकून पाहिलं. एक गाय झाली की साबणाने हात धुवायचे, मगच दुसरीला हात लावायचा. ती तीन सडांची गाय सगळ्यात शेवटी.

"हे कुणी शिकवलं?"

"डॉक्टरांनीच. तवा लई भांडले मी त्यांच्याशी. पण त्यानंतर एकाही गाईची कास सुजली नाय बघा."

"त्यांना सांगितलं होतं का हे?"

त्यांचा हात थांबला. "नाय... रस्त्यात दिसायचे. वाटायचं, सांगू कधीतरी."

मग त्यांनी बादली बाजूला ठेवली, साबण उचलला आणि कोपरापर्यंत हात धुतले.