उजव्या गुडघ्याची पट्टी

तिच्याबद्दल लिहायचा मला फारसा अधिकार नाही. सहा हंगाम मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो, एवढंच. सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला टेबलाशी बसून कोणी किती बास्केट टाकल्या, कोणाचे किती फाउल झाले, हे टिपायचं माझं काम. विश्रांती घेतलेली खेळाडू पुन्हा आत जाण्याआधी टेबलाशी येऊन थांबते. तेव्हा जे दोन-चार शब्द व्हायचे, तेवढीच आमची ओळख. बाकीचं मला पुढे तिच्या बहिणीकडून आणि संघाच्या फिजिओ बाईंकडून कळलं. काही चुकलं तर ती चूक माझी समजावी.

तिला सगळे मुंगी म्हणत. सहा-सहा फुटांच्या मुलींमध्ये ती कुणाच्या खांद्यालाही लागत नसे, पण संघाची कप्तान तीच. वय चौतीस. हंगाम नसला की ती थोरल्या बहिणीच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मेहुणे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "ही आमची कप्तान. कॉलर बघा, हिच्या हातून एक सुरकुती सुटत नाही."

"भावजी, मैदानावर बऱ्याच सुटतात," ती मान वर न करता म्हणायची.

तिचा डावा गुडघा चार वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. सरळ धावायला तो कुरकुरत नसे. डावीकडे झटकन वळून थांबावं लागलं, की मात्र पाय खालून निघून गेल्यासारखा व्हायचा. क्लबच्या डॉक्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. म्हणून गोष्ट तिघींतच राहिली. मुंगी, फिजिओ बाई आणि शिडी.

शिडी म्हणजे मुंगीची खोलीसोबती. एकोणीस वर्षांची असताना लांबच्या गावाहून आली होती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या क्लबने या दोघींना दिल्या होत्या. शिडीचे पाय पलंगाबाहेर जायचे, तर मुंगीने खालच्या दुकानातून एक लाकडी खोकं आणलं, त्यावर उशी बांधली आणि पलंगाच्या पायथ्याशी लावलं. शिडीला डाव्या हाताने बास्केट टाकता येईना, तेव्हा तिचा उजवा हात टॉवेलने पाठीशी बांधून मुंगीने महिनाभर सराव करून घेतला. शिडी चिडायची. "मुंगे, जेवताना तरी सोड."

"डाव्या हाताने जेव. दोन्ही कामं होतील."

पट्टीची युक्तीही शिडीचीच. एका सकाळी फिजिओ बाई गुडघ्याला पट्टी बांधायला बसल्या असताना ती दात घासता घासता म्हणाली, "दुखऱ्याला कशाला बांधता? चांगल्याला बांधा. सगळ्या त्याच बाजूने येतील आणि फसतील."

बाई हसल्या. मुंगी हसली नाही. तिने उजवा पाय पुढे केला.

तेव्हापासून तिच्या उजव्या गुडघ्यावर पांढरी जाड पट्टी आणि डावा गुडघा उघडा. समोरच्या संघाला पट्टी दिसायची, आणि प्रत्येक मुलगी चेंडू घेऊन तिच्या उजव्या अंगाने घुसायला बघायची. तिथे मुंगी टपलेलीच असायची. त्या हंगामात तिने हिसकावलेले चेंडू लिहिताना माझ्या कागदावर जागा पुरत नव्हती. मला वाटायचं, दुखऱ्या पायावर काय खेळते ही. मीही फसलो होतो.

जानेवारीत शिडीला मोठ्या क्लबने बोलावलं. तिने घाबरत घाबरत सांगितलं, तर मुंगी म्हणाली, "बाकावर बसून राहायचं वय माझं आहे, तुझं नाही. जा." शिडी गेल्यावरही पलंगाला लावलेलं ते खोकं मुंगीने काढलं नाही. रविवारी दोघींचा फोन ठरलेला असे.

हंगामाच्या शेवटी उपांत्य सामना नेमका त्या मोठ्या क्लबशी पडला, आमच्याच हॉलमध्ये. आदल्या आठवड्यात कोचने मुंगीला बाजूला घेतलं. "फायनलला पोचलो तर तुझं पुढचं वर्ष पक्कं. नाही पोचलो, तर माझंच मला माहीत नाही, तुझं काय सांगू?" मुंगीला एकच वर्ष हवं होतं. नंतर तिला लहान मुलींना शिकवायचं होतं, आणि क्लब ते काम खेळत्या खेळाडूलाच देत असे.

सामन्याच्या आधी फिजिओ बाई पट्टी हातात घेऊन थांबल्या. "आज बाजू बदलू या. नाहीतर दोन्हींना बांधू."

"का?"

"ती तिकडे आहे म्हणून."

"ती सांगेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. मी पट्टी बांधते."

मुंगीने बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा आवळल्या. मग म्हणाली, "पट्टी बदललेली तिला लांबूनच दिसेल. मी तिच्यावर संशय घेतला, हे तिला कळेल. तिने काही केलंच नसेल, तर मग मी कुठे तोंड लपवू? नेहमीसारखीच बांधा."

बाईंनी नेहमीसारखीच बांधली.

पहिल्या अर्ध्यात सगळं नेहमीसारखंच झालं. त्यांच्या मुली उजवीकडून येत राहिल्या आणि मुंगी चेंडू काढून घेत राहिली. आम्ही अकरा गुणांनी पुढे. मध्यंतराला टेबलाशी पाणी प्यायला आली तेव्हा तिचा चेहरा इतका मोकळा होता, की मी उगाचच म्हणालो, "आज रंगलंय."

"काका, सांगितलं नाही तिने," ती म्हणाली. मला काही कळलं नाही. मी मान हलवली.

मध्यंतरानंतर त्यांच्या मुली मैदानात आल्या आणि पहिलीच मुंगीच्या डावीकडून गेली. मुंगी वळली, पण पाय आला नाही. दुसरीही डावीकडून. तिसरीने तर उजवीकडे बघितलंसुद्धा नाही. फसगत एकदा झाली तर योगायोग म्हणता येतो. इथे चौघीजणी एकच पाढा गिरवत होत्या. मुंगीने समोर शिडीकडे पाहिलं. शिडी दंडावरचा घामपट्टा नीट करत होती. तो नीटच होता.

शिडी स्वतः मात्र त्या बाजूने एकदाही गेली नाही. मुंगी समोर आली की ती चेंडू दुसरीकडे देऊन टाकायची. मुंगीने त्याचाही आधार धरला असावा. पिछाडीवर पडल्यावर त्यांच्या कोचने पिळून काढलं असेल, पोर घाबरून बोलून गेली असेल, असं तिने मनाला समजावलं, हे तिने बहिणीला नंतर सांगितलं.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. चेंडू शिडीकडे आला आणि तिच्यासमोर मुंगी. शिडीची उंची अशी, की जागेवरून मुंगीच्या डोक्यावरून चेंडू टाकला असता तरी चाललं असतं. पण तो जाईलच याची खात्री नव्हती. तिने क्षणभर मुंगीच्या उघड्या गुडघ्याकडे पाहिलं आणि डावीकडून घुसली. मुंगी वळली, एका हातावर पडली, आणि शिडीने बास्केटखालून पलीकडे निघून डाव्या हाताने चेंडू अलगद आत सोडला. टॉवेल बांधून शिकवला होता तसाच, मनगट ढिलं ठेवून.

मी दोन गुण लिहिले. भोंगा वाजला.

हात मिळवायच्या रांगेत दोघी समोरासमोर आल्या, त्या माझ्या टेबलापुढेच. शिडीचे डोळे भरले होते. "मुंगे, गुडघा कसा आहे?"

"कुठला?" मुंगी म्हणाली, आणि पुढच्या मुलीचा हात हातात घेतला.

रविवारचा फोन शिडीने पुढे बरेच आठवडे केला, असं बहीण सांगते. तो लॉन्ड्रीच्या टेबलावर वाजत राहायचा आणि मुंगी इस्त्री फिरवत राहायची. पुढचं वर्ष तिला मिळालं नाही. लहान मुलींचं कामही नाही.

ती शेवटची भेटली ती त्या सामन्यानंतर दोन आठवड्यांनी, दुपारी. हॉल रिकामा होता. मी कागदांचे गठ्ठे लावत होतो आणि ती कपाटातलं सामान एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून घेऊन आली. ती टेबलाशी थांबली.

"काका, त्या दिवशी माझे फाउल किती झाले होते?"

मला बघावं लागलं नाही. "चार."

"पाचव्याला बाहेर काढतात. म्हणजे एक शिल्लक होता."

"होता."

"तिचा शर्ट माझ्या हातात आला होता, मी सोडून दिला. धरला असता तर फाउल झाला असता, आणि तिला रेषेवर एकटीने उभं राहून दोन फ्री थ्रो टाकावे लागले असते. अशा वेळी तिचे हात थरथरतात. एकटं सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हटलं, की रात्रभर झोपायची नाही. मला माहीत होतं."

मी चष्मा पुसला.

तिने खोकं टेबलावर ठेवलं. तळ फाटायला आला होता. "सुतळी आहे का हो?"

मी खणातून काढून दिली. "पुरेल?"

"पुरेल," ती म्हणाली. "गाठीवर जरा बोट ठेवा."